लिनक्स मिंट सिनॅमन: सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीसाठी एकदम योग्य

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ऑफिसात सिक्स्थ जेन आय३ चा पीसी आहे, चार जीबी रॅम, एसएसडी नंतर बसवलेली. मशीनला काहीच झालेलं नाही, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पण लागतं. मेंटेनन्सच्या पैशातून नवा पीसी घ्यायचा ठराव येणार होता, मी म्हटलं आधी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तिची सिनॅमन आवृत्ती टाकून बघू, फुकट आहे आणि पेनड्राईव्हवरून इन्स्टॉल न करता चालवूनही बघता येतं. आता रोजचं काम त्याच्यावरच चालतंय, म्हणून लिहितेय.

पहिलं सांगायचं म्हणजे सुरू झाल्यावर जी वेलकमची खिडकी येते ना, ती बंद करू नका. लोक तिथेच चुकतात, खिडकी बंद करतात आणि मग म्हणतात लिनक्स अवघड आहे. त्यात फर्स्ट स्टेप्स म्हणून भाग आहे, वरून खाली एकेक करत जा. पॅनलचा लेआउट विचारतो, मॉडर्न की ट्रॅडिशनल. ज्येष्ठांसाठी ट्रॅडिशनलच ठेवा, कारण त्यात खालच्या पट्टीवर प्रत्येक खिडकीचं नाव लिहिलेलं दिसतं, मॉडर्नमध्ये नुसते आयकॉन. आमच्या सेक्रेटरी काकांना नाव वाचून क्लिक करायची सवय आहे, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून कोणाला न विचारता काम करायला लागले. मेनू डाव्या कोपऱ्यात, विंडोजचं बटण दाबलं की उघडतो आणि लगेच टाइप करायला लागलं की प्रोग्रॅम सापडतो.

मग टाइमशिफ्ट. हे सिस्टिमचे स्नॅपशॉट घेतं, अपडेटनंतर काही बिघडलं तर मागच्या तारखेवर जाता येतं. पण नीट लक्षात घ्या, ते डीफॉल्टला फक्त सिस्टिमच्या फाइल घेतं, तुमची कागदपत्रं नाही. सभासदांची यादी, पावत्या, मिनिट्स हे वेगळं एक्सटर्नल डिस्कवर ठेवायलाच हवं. अपडेटचं ढालीचं चिन्ह खाली उजवीकडे असतं, वेळ मिळेल तेव्हा क्लिक करायचं, मधेच मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही, एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) आदल्या दिवशी याची किंमत कळते.

आता माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, मराठी. नोटिसा मराठीतच लागतात. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट्स, प्लस दाबून इंडियाखाली मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची ठरलेली मांडणी) घ्यायचं, बस. वेगळं सॉफ्टवेअर नाही की विकतचा फॉन्ट नाही. भाषा बदलायचा शॉर्टकट त्याच पानावरच्या ऑप्शन्समध्ये ठरवून टाका. इनस्क्रिप्ट ज्यांना नवीन आहे त्यांनी घाबरू नका, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, के वर क आणि शिफ्ट धरून के वर ख, आयवर ग आणि शिफ्टने घ, असं सगळं जोडीनं लावलेलं आहे, आणि पाय मोडायचा तर डी. बोटांना बसलं की रोमनमधून मराठी टाइप करण्यापेक्षा फार बरं वाटतं. हे युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत) असल्यामुळे तीच नोटीस कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकली तरी अक्षरं तशीच राहतात. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टातल्या फाइल्स मात्र तो फॉन्ट नसेल तर इथेही कचराच दिसणार, त्या कन्व्हर्ट कराव्या लागतात किंवा पुन्हा टाइप. मेनूही मराठीत करता येतात पण भाषांतर सगळीकडे झालेलं नाही, आम्ही इंग्रजीच ठेवलंय.

छोट्या गोष्टी ज्या आवडल्या. फाइल मॅनेजरचं नाव नेमो, त्यात एफ३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात, एकीकडे पेनड्राईव्ह एकीकडे ऑफिसचं फोल्डर, इकडून तिकडे ओढायचं. कंट्रोल ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की चारही वर्कस्पेस (वेगवेगळी कामं मांडायचे वेगळे पडदे) एकत्र दिसतात, मी एकावर पावत्या आणि दुसऱ्यावर ब्राउझर ठेवते. रात्री स्क्रीन पिवळसर करायचं नाइट लाइट पण मिंट २२.१ पासून आतच आहे. २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर बनलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे पीसीचं वय वाढलं.

कमी काय ते पण सांगते. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, तुमचा अकाउंटंट ऑफिसच्याच पीसीवर टॅली उघडत असेल तर मिंट टाकू नका. एमएस ऑफिसही इन्स्टॉल होत नाही, लिबरऑफिस आधीपासून असतं, साधी पत्रं आणि शीट व्यवस्थित उघडतात, मॅक्रो घातलेली मोठी एक्सेल असेल तर आधी पेनड्राईव्हवरून चालवून तपासा. प्रिंटरचंही तसंच, आमचा वायफायवरचा आपोआप दिसला पण प्रत्येक मॉडेलचं सांगता येणार नाही. चार जीबीवर ब्राउझरचे ढीगभर टॅब उघडले की मशीन जड होतं, मिंटवाले स्वतःच कमीत कमी दोन आणि आरामात चालायला चार जीबी सांगतात, त्यामुळे आठ करता आली तर करा. रॅम कमीच असेल तर त्यांचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा टॅलीसाठी कापला. आणि इन्स्टॉल करताना इरेज डिस्क असा पर्याय येतो, तो निवडला की आधीचं सगळं जातं, म्हणून पावत्यांची कॉपी आधी दुसऱ्या डिस्कवर काढा, ती उघडून बघा आणि मगच नेक्स्ट दाबा.