सोमवारचा राजवाडा, प्रतिपदेचा समुद्र

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याशी आम्ही उतरलो तेव्हा फाटक बंद होतं. गाइड म्हणून आलेला मुलगा म्हणाला, "आत दुरुस्ती चाललीय, आज बाहेरूनच बघायचं." माझे वडील, वय शहात्तर, काठी टेकत पुढे गेले. त्यांनी तिथली पाटी वाचली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अगं, आज सोमवारच ना?"

पाटीवर दुरुस्तीबद्दल एक शब्द नव्हता. सोमवारी बंद, एवढंच होतं.

ही हकीकत मी लिहितेय ती आमचे पैसे गेले म्हणून नाही. पैसे गेलेच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की ही फसवणूक सहलीच्या तारखेतच होती. जाहिरात हातात आली त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली असती तर ती आम्हाला घरबसल्या दिसली असती. सांगली-मिरजेत अशा एकदिवसीय सहलींच्या जाहिराती सध्या रोज येतात, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आम्ही विश्रामबागेत राहतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका ओळखीच्या बाईंनी पोस्टर टाकलं होतं. 'राजवाडे आणि सागरकडा : एका दिवसात.' कोल्हापूरचा न्यू पॅलेस, रत्नागिरीचा थिबा राजवाडा आणि दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावरून खडकांच्या कडेकडेने सहा किलोमीटर चाल. परवानाधारक गाइड, सगळी प्रवेश तिकिटं, नाश्ता, घरगुती मासे-थाळी, एसी गाडी. माणशी २,४९९ रुपये. सोमवारी गर्दी नसते म्हणून खास दर, असं खाली लिहिलेलं. आम्ही सगळे निवृत्त, आम्हाला सोमवार काय आणि रविवार काय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत चालक होते. सत्तरच्या दशकात पाच वर्षं रत्नागिरी आगारात होते, आई आणि आम्ही इकडे मिरजेला. थिबा राजवाड्याची उतरत्या छपरांची इमारत त्यांनी बाहेरून कितीदा पाहिली असेल, पण आत जायचं राहून गेलं. ब्रह्मदेशाचा एक राजा आपल्या कोकणात कैदेत होता, त्याच्या राणीनं तिथं संसार केला, या गोष्टी आम्ही लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकल्या. आई गेल्यापासून ते कुठे जायचं नावच काढत नव्हते. हे पोस्टर दाखवलं तेव्हा स्वतःहून म्हणाले, "जाऊया." मी, माझे यजमान आणि अण्णा, तिघांचे ७,४९७ रुपये मी त्याच संध्याकाळी यूपीआयने पाठवले. क्यूआर कोडवर सहल कंपनीचं नाव नव्हतं, एका माणसाचं नाव होतं. ते मला दिसलं होतं. ओळखीच्या बाईंकडून आलंय ना, म्हणून मी थांबले नाही. पावती म्हणून आला तो नुसता 'सीट कन्फर्म' असा मेसेज. त्यावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक.

पहाटे साडेचारला पुष्पराज चौकात गाडी आली. नंबर प्लेट पांढरी होती. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी असते, त्यावर काळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी, तिला असा धंदा करायला परवाना नसतो आणि अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करू शकते. अण्णांनी अंधारातही ते ओळखलं, मला हळूच म्हणाले, "ही गाडी भाड्याची नव्हे." मी म्हटलं, अण्णा, आता निघालोय. तिथेच उतरायला हवं होतं. सतरा जणांच्या गाडीत आम्ही एकवीस होतो, चौघे मधल्या वाटेत प्लास्टिकच्या स्टुलांवर.

सहाच्या सुमारास कोल्हापूर. न्यू पॅलेसच्या बाहेर गाडी दहा मिनिटं उभी केली. काळ्या दगडाचा, मधोमध घड्याळाचा मनोरा असलेला तो वाडा १८८४ साली पुरा झाला. आतलं छत्रपती शहाजी संग्रहालय मी शाळेच्या सहलीत पाहिलेलं, मला तेच अण्णांना दाखवायचं होतं. पण पहाटे सहाला कुठलं संग्रहालय उघडं असतं? अर्धवट उजेडात झाडांमधून जेवढं दिसलं तेवढं बघून आम्ही पुन्हा गाडीत बसलो. पोस्टरवर शब्द होता 'राजवाडा दर्शन'. पाहणे, आत जाणे, असं कुठेच नव्हतं, हे मी नंतर वाचलं. पण त्याच पोस्टरवर 'सगळी प्रवेश तिकिटं' असंही होतं, आणि ते पैसे आमच्याकडून घेतलेले होते.

मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली. सांगलीपासून रत्नागिरी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे आणि महामार्गाची कामं चालू. पोहोचायला सव्वादहा झाले. मग ते बंद फाटक.

फाटकाजवळच्या पहारेकऱ्याशी अण्णा बोलत उभे राहिले. तो माणूस सरळ होता. म्हणाला, "आजोबा, दर सोमवारी बंद असतं. तुमचे हेच गाडीवाले गेल्या महिन्यातही सोमवारीच आले होते. मी सांगितलं होतं त्यांना."

हे वाक्य ऐकलं आणि मला सगळं लख्ख दिसलं. तोवर मी ती त्यांची चूक समजत होते. शनिवार-रविवार गाडी दुसऱ्या भाड्यात असते, सोमवारी रिकामी असते. बंद राजवाड्याचं तिकीट काढावं लागत नाही, आतली माहिती सांगणारा जाणकार माणूस लागत नाही. वाचले ते सगळे त्यांचे. आमच्या लेखी ती अडचण होती, त्यांच्या लेखी तो नफा होता.

गाइड म्हणून आलेला मुलगा विशीतला. त्याने सांगितलं की राजा या वाड्यात तीस वर्षं राहिला. मला राहवलं नाही. इंग्रजांनी थिबा मिनला पदच्युत केलं १८८५ च्या नोव्हेंबरात, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. हा वाडा झाला १९१० साली. तोवर तो दुसऱ्या बंगल्यांत राहत होता. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला, म्हणजे या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. तीस वर्षं ही कैदेची, वाड्याची नव्हेत. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, पण थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली, मराठीच बोलत म्हातारी झाली. एवढी विलक्षण गोष्ट ज्या भिंतींमागे आहे त्यांच्यापुढे आम्ही उन्हात उभे होतो आणि मुलगा मोबाइलवर बघून चुकीचं वाचत होता. नंतर त्यानेच कबूल केलं, तो रत्नागिरीत पहिल्यांदाच आला होता, दिवसाचे पाचशे ठरले होते. त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही कुणी तरी तसंच पाठवलं होतं.

अण्णांनी एकच मागणं केलं. राजाची समाधी गावातच शिवाजीनगरला आहे, तेवढी तरी दाखवा. चालक म्हणाला, शेड्यूलमध्ये नाही, पुढे ट्रेक आहे.

आता समुद्राचं सांगते, कारण तिथं जीवावर बेतलं असतं.

भाट्याच्या पुलावर आलो तेव्हा खाडी काठोकाठ भरत आली होती. अण्णांनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "काल पौर्णिमा झाली ना? मग आज प्रतिपदा. बाराच्या पुढेमागे पुरी भरती. आत्ता कसले खडकावरनं चालताय?" रत्नागिरीत असताना त्यांच्या घरमालकिणीने त्यांना हा हिशेब शिकवला होता. तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे भरतीचा तास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. ढोबळ हिशेब आहे, जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतो, पण किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या त्यावर चालतात. शिवाय पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे भरती नेहमीपेक्षा उंच चढते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, तो भांग. म्हणजे आमची चाल नेमकी उधाणाच्या दिवशी, नेमकी भरतीच्या तासाला ठेवलेली होती. पोस्टरवर वेळ छापलेली होती : ११ ते १.

मुलाने तरीही आम्हाला उतरवलं. पुळणीवरून सगळे खुशीत चालले, दक्षिणेच्या टोकाशी खडक सुरू झाले. ओहोटीला जिथून सहज जाता येतं तिथं लाटा थेट कातळावर आपटत होत्या. सात-आठ जण पुढे गेलेच, त्यात माझे यजमानही. मी अण्णांपाशी मागे थांबले होते. सुरूच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. ते उठून ओरडले, "अहो, मागे फिरा! उधाण आहे आज. त्या खडकापलीकडे गेलात तर यायला वाट नाही, पाणी मागनं भरतं." हे मागून भरणं घाटावरच्या माणसाला ठाऊकच नसतं. आपण पाण्याकडे तोंड करून बघत असतो आणि आपल्या पाठीमागची सखल जागा आधी बुडते. ते लोक परत फिरले तोवर येताना कोरडी असलेली घळ मांडीभर पाण्याने भरली होती. शेवाळावरून एका मावशींचा पाय सरकला, घोटा असा सुजला की दोघांनी धरून आणावं लागलं. गाडीत प्रथमोपचाराची पेटी नव्हती. बर्फ शेजारच्या टपरीवाल्याने दिला. पैसे घेतले नाहीत.

मासे-थाळी म्हणजे हातखंब्याजवळचा ढाबा निघाला आणि बिल ज्याचं त्याने भरलं. रात्री अकराला सांगली.

दुसऱ्या दिवशी फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, राजवाडा सरकारी आहे, भरती-ओहोटी निसर्गाची. आमच्या हातात काय आहे?" हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून त्यावर मी काय म्हटलं ते सांगते. वादळ आलं असतं तर मी गप्प बसले असते. पण भरती ही आपत्ती नाही, तिचं वेळापत्रक आधी छापून येतं. सोमवारची सुट्टी पाटीवर लिहिलेली आहे आणि ती तुम्हाला महिन्यापूर्वी सांगितलेली होती. जे होणार नाही हे ठाऊक असताना त्याचे पैसे घेतले, तर ती फसवणूकच आहे. मग पुढच्या सहलीसाठी पाचशे रुपयांचं कूपन देऊ केलं. ते मी घेतलं नाही, कारण कूपन घेतलं की प्रकरण मिटलं असं ते दाखवणार.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवली. त्यानंतर आठवड्याभरात आम्हा तिघांचे मिळून ३,६०० रुपये परत आले. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांना काही आलं नाही. घोटा दुखावलेल्या मावशी आणि मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. या गोष्टी मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हत्या.

पुराव्यासाठी मात्र आमचे फार हाल झाले. ग्रुपवरचं मूळ पोस्टर त्यांनी त्याच रात्री काढून टाकलं होतं. 'सगळी प्रवेश तिकिटं' आणि '११ ते १' हे शब्द ज्यावर होते तेच नाहीसं झालं. माझ्या जावेने ते तिच्या बहिणीला पुढे पाठवलं होतं, तिच्या फोनमध्ये सापडलं. पाटीचा फोटो अण्णांनी काढून ठेवला होता, त्यावर तारीख आणि वेळ आहे. गाडीच्या प्लेटचा फोटो कुणाकडेच नाही. तुम्ही पैसे पाठवाल त्या क्षणी पोस्टर, संभाषण, पावती सगळं आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि गाडी आली की आधी तिच्या प्लेटचा फोटो काढा, मग आत बसा. त्याआधी, पैसे पाठवण्यापूर्वीच, फोन करून तीन गोष्टी विचारा. प्रत्येक ठिकाणी आत किती वेळ देणार? त्या वारी ते उघडं असतं का? किनाऱ्यावर चालायच्या वेळी पाणी चढतं असेल की उतरतं? खरा सहलवाला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ताबडतोब देईल, कारण त्याने त्यावरूनच तारीख ठरवलेली असते. जो अडखळेल त्याच्याबरोबर समुद्रावर जाऊ नका.

अण्णा या सगळ्यावर फारसं बोलले नाहीत. मी पुन्हा नेते म्हटलं तर म्हणाले, "बघू, उन्हाळा झाल्यावर." त्यांच्या गुडघ्यांना पावणेसहा तास गाडीतला त्रास पुन्हा झेपेल का, याचीच मला काळजी आहे.

परवा त्याच कंपनीची नवी जाहिरात दुसऱ्या एका ग्रुपवर आली. रंग वेगळे, फोटो तेच. मी कॅलेंडर काढलं. सोमवार, वद्य चतुर्दशी. किनाऱ्यावरची चाल सकाळी १० ते १२.