अल्फाफोल्ड डेटाबेस : वीस कोटी प्रथिन-रचना आणि त्यांवर किती विसंबावे

प्रथिनांच्या त्रिमितीय रचना पाहण्यासाठी आज सर्वांत सहज हाताशी येणारी सेवा म्हणजे अल्फाफोल्ड प्रथिन-रचना डेटाबेस, म्हणजेच अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वर्तवलेल्या रचनांचा संग्रह. गूगलच्या डीपमाइंडने युरोपीय जैवमाहितीशास्त्र संस्थेच्या साथीने तो जुलै २०२१ मध्ये खुला केला. तेव्हा त्यात साडेतीन लाखांच्या आसपास रचना होत्या आणि वर्षभरातच तो आकडा वीस कोटींच्या पुढे गेला. तो वापरण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, खातेही उघडावे लागत नाही आणि श्रेय दिल्यास व्यावसायिक कामासाठीसुद्धा परवानगी आहे. जीवशास्त्र शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या किंवा त्यात संशोधन करणाऱ्या कोणालाही मी ही सेवा निःसंकोच सुचवते. मात्र तिचे निम्मे मोल प्रत्येक रचनेबरोबर दिलेल्या खात्रीच्या आकड्यांत आहे, आणि ते आकडे न वाचता केवळ देखणे चित्र उचलणारा हमखास फसतो.

या सेवेची योग्यता समजण्यासाठी तिच्यामागचे कष्ट ठाऊक असावे लागतात. अमिनो आम्लांची साखळी विशिष्ट पद्धतीने दुमडते आणि त्या दुमडण्यावर प्रथिनाचे काम अवलंबून असते. ती घडी अणू-अणूंच्या पातळीवर शोधणे अतिशय जिकिरीचे होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची आणि मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना उलगडली, त्यासाठी दोघांना १९६२ चे नोबेल मिळाले. पेरुट्झ यांची त्याआधीची वीसहून अधिक वर्षे या एका रेणूमागे गेली होती. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या ७ रचना होत्या. पुढच्या पन्नासएक वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तिच्यात दोन लाखांहून अधिक रचनांची भर घातली आणि याच साठ्यावर अल्फाफोल्ड शिकले. रचनेचे भाकीत करणाऱ्या पद्धतींची कास्प नावाची परीक्षा १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. २०२० च्या परीक्षेत अल्फाफोल्डच्या दुसऱ्या आवृत्तीने शंभरपैकी ९२.४ हा मध्यक गुणांक मिळवला. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग याच कामासाठी मिळाला.

प्रत्यक्ष वापर सोपा आहे. प्रथिनाचे नाव किंवा युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीकोशातील क्रमांक शोधचौकटीत टाकला की रचना उघडते, माऊसने ती फिरवता येते, मोठी करून पाहता येते आणि फाइल उतरवून घेता येते. मानवी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा क्रमांक पी६८८७१ आहे. तो टाकल्यावर १४७ अमिनो आम्लांची, जवळजवळ सर्वत्र गडद निळी, मळसूत्री वळणांची नेटकी घडी समोर येते. ती बरोबर आहे. पण आपण बारकाईने पाहू लागलो की मधली खोबण रिकामी दिसते. ऑक्सिजन धरून ठेवणारे हीम तेथे नाही आणि त्यातला लोहाचा अणूही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या एकमेकींना बिलगून असतात, त्यांपैकी येथे एकच दिसते. सिकलसेल आजारात बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. या पानावर मात्र ती जागा सातवी आहे, कारण पेशी नंतर काढून टाकते ते सुरुवातीचे मेथिओनिन हे अमिनो आम्लही येथे मोजलेले असते. या तपशिलावर विद्यार्थी अडखळतात, म्हणून शिक्षकांनी तो आधीच सांगावा. शिवाय व्हॅलिनमुळे हे रेणू एकमेकांना चिकटून लांबच लांब तंतू बनवतात, तोच खरा आजार आहे, आणि एकट्या साखळीच्या रचनेत तो दिसणे शक्यच नाही. त्याच पानावर प्रायोगिक रचनांकडे नेणारा दुवा असतो. तो आधी उघडावा, असा माझा आग्रह आहे, कारण हीम आणि चारही साखळ्या तेथे पाहायला मिळतात.

रंगांचा अर्थ असा आहे. प्रत्येक अमिनो आम्लाला शून्य ते शंभर असा खात्रीचा गुण दिलेला असतो. नव्वदच्या वर गडद निळा, सत्तर ते नव्वद फिका निळा, पन्नास ते सत्तर पिवळा आणि पन्नासच्या खाली नारिंगी. पेशीला कर्करोगापासून राखणाऱ्या पी५३ या प्रथिनाचे पान यासाठी मुद्दाम पाहावे. त्याच्या ३९३ अमिनो आम्लांपैकी डीएनएला धरणारा मधला भाग निळ्या रंगात घट्ट बसलेला दिसतो, तर टोकांकडचे लांब पट्टे पिवळ्या-नारिंगी रंगात हवेत मोकळे सोडल्यासारखे पसरलेले असतात. नवखा वापरकर्ता त्या पट्ट्यांनाच रचना समजतो किंवा संगणक चुकला असे म्हणतो. वस्तुतः पी५३ ची ती टोके पेशीतही बहुतांशी अस्थिरच असतात, आणि नारिंगी रंग पुष्कळदा अशाच निसर्गतः घडी नसलेल्या भागांची खूण ठरतो. मानवी प्रथिनांतील सुमारे ५८ टक्के अमिनो आम्लांनाच सत्तरच्या वर गुण मिळाले आहेत. निर्मात्यांनी ही गोष्ट न लपवता पहिल्या नजरेत दिसेल अशी मांडली, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक वाटते.

रचनेखालचा हिरवा चौकोनी आलेख मात्र बहुतेक जण ओलांडून जातात, आणि सर्वांत मोठी फसगत तेथेच होते. एखाद्या प्रथिनाचे दोन भाग आपापल्या जागी गडद निळे असतील, तरी ते एकमेकांपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात आहेत हे ठाऊक असेलच असे नाही. आलेखातील त्या दोन भागांना जोडणारा चौकोन गडद हिरवा असेल तर सापेक्ष जागेवर विसंबावे. फिका असेल तर त्या दोहोंमधल्या फटीवर कोणतेही अनुमान बांधू नये. हा आलेख कसा वाचावा याचे स्पष्टीकरण पानावर आहे, परंतु ते रचनेच्या शेजारी ठळकपणे द्यायला हवे होते.

आणखी काही उणिवा आहेत. इन्सुलिन शोधल्यास ११० अमिनो आम्लांची मूळ साखळी मिळते, तर शरीरात काम करणारे इन्सुलिन तिच्या काटछाटीनंतर उरलेल्या ५१ अमिनो आम्लांचे व दोन साखळ्यांचे असते. चौतीस हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे टायटिन हे स्नायूंमधले प्रथिन एकसंध पाहता येत नाही. अनेक प्रथिने काम करताना आकार बदलतात, आणि येथे सहसा त्यांची एकच अवस्था दिसते. म्हणून औषधाचा रेणू नेमका कोठे बसेल हे केवळ या चित्रावरून ठरवू नये. याउलट, प्रायोगिक माहितीच्या जोडीला ही भाकिते घेतली की काय साधते, हे पेशीकेंद्रकाच्या छिद्रावरील २०२२ च्या कामात दिसले; सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांच्या जवळपास हजार प्रतींनी बनलेल्या त्या अवाढव्य संकुलाचा आराखडा अशाच जोडकामातून पुष्कळ भरला गेला.

मे २०२४ मध्ये आलेली अल्फाफोल्डची तिसरी आवृत्ती डीएनए, आरएनए, धातूंचे आयन आणि काही छोटे रेणू यांच्यासह रचना वर्तवते, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या चारही साखळ्या हीमसह मागता येतात. मात्र ती वेगळ्या सर्व्हरवर चालते, तेथे खाते लागते, रोजच्या कामांना मर्यादा आहे आणि उत्तरे व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाहीत. शिवाय अस्थिर भागांच्या जागी ती कधीकधी नसलेली वळणे रचून दाखवते, त्यामुळे खात्रीचे रंग तेथेही तपासावेच लागतात. ज्या प्रोटीन डेटा बँकेवर दुसरी आणि तिसरी या दोन्ही आवृत्त्या शिकल्या, ती असंख्य प्रयोगशाळांनी आपापल्या रचना विनामूल्य जमा करून उभी केलेली आहे. तिसऱ्या आवृत्तीची उत्तरेही डेटाबेसच्याच खुल्या परवान्याखाली मिळावीत, ही मागणी म्हणूनच मला रास्त वाटते.