फिजिशियन असिस्टंट व्हायचंय: मिशन हॉस्पिटलात शिकावं की नागपूरजवळच?

बारावी सायन्स झालं, नीटला एमबीबीएसपुरते मार्क आले नाहीत, पण काम पेशंटजवळच करायचं आहे, अशा मुलामुलींना फिजिशियन असिस्टंटचा कोर्स आता माहीत होऊ लागला आहे. मी नागपुरात हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात हेच काम करते आणि शिकले दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती हॉस्पिटलात. त्यामुळे आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक विचारतात, तसे चर्चशी काहीच देणंघेणं नसलेले शेजारीही विचारतात: पोरीला तिकडे पाठवू, की इथेच एखाद्या खाजगी कॉलेजात घालू?

माझं उत्तर आधीच सांगते. स्वतःचे भरलेले वॉर्ड असलेलं जुनं मिशन हॉस्पिटल मिळत असेल तर तिकडे पाठवा, तुमचा धर्म कोणताही असो. ते नाही जमलं तर नागपूर-वर्ध्याकडच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलला जोडलेला कोर्स बघा. आणि नावात संत आहे, गेटवर क्रूस आहे, पण स्वतःचं हॉस्पिटलच नाही, अशा ठिकाणी कुणाच्याही शब्दावर जाऊ नका, पाळकसाहेबांनी शिफारस केली तरीही.

आधी काम समजून घ्या, कारण गैरसमज पुष्कळ आहेत. फिजिशियन असिस्टंट डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो. हिस्टरी घेणं, तपासणं, केसपेपर लिहिणं, रिपोर्ट जमवून राउंडला मांडणं, ऑपरेशनला असिस्ट करणं, डिस्चार्जच्या वेळी पेशंटला समजावून सांगणं, हे त्याचं काम. स्वतःचा दवाखाना टाकता येत नाही, आपल्या अधिकारात औषध लिहून देता येत नाही, नावापुढे डॉक्टर लावता येत नाही. हे ज्याला आयुष्यभर खुपणार आहे त्याने नीटची तयारी पुन्हा करावी. बी.एस्सी.चा कोर्स सहसा चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं.

भारतात हे शिक्षण 1992 मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झालं. सुरू करणारे डॉ. के. एम. चेरियन, 1975 मध्ये देशातली पहिली बायपास करणारे सर्जन. त्याआधी अमेरिकेत 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून आलेल्या वैद्यकीय सेवकांना घेऊन पहिली तुकडी उभी केली होती. म्हणजे आपल्या देशात तरी या पेशाचा जन्मच एका ख्रिस्ती हॉस्पिटलात झाला, आणि तोही हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून. आजही बरीच पदं हृदयविभागातच असतात, ती त्यामुळेच.

मान्यतेचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, त्यात श्रद्धेला सवलत नाही. 2021 च्या राष्ट्रीय अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या परिशिष्टात हा पेशा फिजिशियन असोसिएट या नावाने आला आहे. डिग्री कोणत्या विद्यापीठाची, ते पाहा. तामिळनाडूत डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठ, कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाहीतर मान्यता असलेलं अभिमत विद्यापीठ. एखाद्या ट्रस्टच्या लेटरहेडवरचं सर्टिफिकेट घेऊन येणाऱ्या मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. चार वर्षं आणि आईच्या बांगड्या, दोन्ही गेलेलं असतं.

आता खरा फरक, तो वॉर्डातला. बायपासला पायातली शीर काढायचं काम पुष्कळदा फिजिशियन असिस्टंटकडे असतं. घोट्याच्या आतल्या बाजूने छेद घेऊन वर सरकत जायचं, शिरेला फुटणाऱ्या बारीक फांद्या एकेक करून बांधायच्या, शीर चिमट्यात चेमटवायची नाही. मग हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं द्रव हलक्या हाताने आत सोडून कुठे गळते का पाहायचं. जोर लावून फुगवली तर आतलं अस्तर दुखावतं आणि तो ग्राफ्ट, म्हणजे हृदयाला जोडलेली ती शीर, पुढे लवकर बंद पडू शकतो. हे कौशल्य मोठ्या खाजगी हॉस्पिटलातही उत्तम शिकता येतं, कधीकधी जास्त चांगलं, कारण केसेस भरपूर असतात. इथे मिशनचं पारडं जड आहे असं मी म्हणणार नाही.

पारडं झुकतं ते डिस्चार्जच्या दिवशी. हृदयात मेकॅनिकल (कृत्रिम) झडप बसवलेला पेशंट घरी निघाला आहे, त्याला रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर घ्यायची आहे. मी शिकले तिथे 'सांगितलं' असं कागदावर लिहून सुटका नसायची. स्टूल ओढून बसायचं आणि पेशंटकडून उलट वदवून घ्यायचं. गोळी किती वाजता? एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? नाही. पालक-मेथी बंद करायची का? बंद नाही, पण आठवडाभर काही नाही आणि एका दिवशी जुडीभर, असं करायचं नाही. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, कुठे तपासणार? तालुक्याला सोय नसेल तर कोणत्या एसटीने कुठे जाणार, आणि भाड्याला पैसे आहेत का? मागे सिस्टर इन्चार्ज उभ्या असायच्या. भाड्याचा प्रश्न विचारायचा राहिला तर त्या परत बसवायच्या. या गोळीचं गणित चुकलं की झडपेत गुठळी होते किंवा डोक्यात रक्तस्राव होतो. म्हणून हे संभाषण ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं.

वेल्लोरच्या सीएमसीचं, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं, ब्रीदवाक्य मत्तयाच्या शुभवर्तमानातलं आहे: सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला. 1900 मध्ये डॉ. आयडा स्कडर यांनी एका खाटेवर सुरू केलेलं ते काम. असं वाक्य भिंतीवर कुणीही लावू शकतं, ते उतरतं त्या भाड्याच्या प्रश्नात. हे फक्त ख्रिस्ती लोकांनाच जमतं, असं मात्र समजू नका. आपल्या शेजारी सेवाग्रामला 1969 पासून डॉ. सुशीला नायर यांच्या मेडिकल कॉलेजात खादी, सर्वधर्म प्रार्थना आणि खेड्यातली सेवा या संस्कारांवर एमबीबीएसची मुलं घडताहेत. मूल्यं शिकवायची ठरवली आणि ती रोजच्या कामात मुरवली, की फरक पडतो. पण फिजिशियन असिस्टंटचा कोर्स चालवणाऱ्या जागांपैकी हे मला जुन्या मिशन हॉस्पिटलांत जास्त दिसलं.

नागपूरची बाजूही कमी नाही. आपल्याकडच्या वॉर्डात गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगावचा पेशंट येतो. मराठी, हिंदी, गोंडी, छत्तीसगढी कानावर पडते. पुढे इथेच नोकरी करायची असेल तर ही माणसं आणि त्यांचे आजार पहिल्या वर्षापासून ओळखीचे झालेले बरे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घ्या. विदर्भात तो घरोघरी ऐकू येणारा आजार आहे. सिकलसेलचा पेशंट ऑपरेशनला घेताना तो थंड पडू द्यायचा नाही, उपाशी ठेवताना पाणी कमी पडू द्यायचं नाही, ऑक्सिजन खाली जाऊ द्यायचा नाही. हिस्टरी घेताना 'सोल्युबिलिटी (सिकलसेलची रक्ततपासणी) झाली का, कार्ड आहे का' हे विचारणं इथल्या मुलाच्या जिभेवर बसलेलं असतं. चेन्नईला शिकून आलेल्याला ते मुद्दाम अंगवळणी पाडावं लागतं, मलाही पाडावं लागलं. आणि तिकडे तमिळचा प्रश्न आहेच. पहिले काही महिने हिस्टरी घेताना मधे दुभाषा लागतो. वेल्लोरला बंगाली पेशंट पुष्कळ, त्यामुळे हिंदीवर बरंच निभतं, पण तमिळ म्हातारीच्या पोटात नेमकं कसं दुखतंय हे तिच्या भाषेतच कळतं.

धर्माबद्दलची भीती दोन टोकांची असते. ख्रिस्ती नसलेले आई-बाबा विचारतात, धर्म बदलायला लावतील का? राज्यघटनेचं कलम 28(3) साफ आहे: सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. प्रत्यक्षात सकाळची प्रार्थना, ख्रिसमसचे कॅरल, होस्टेलवर भक्ती असं वातावरण असतं. आमच्या तुकडीत हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुली होत्या आणि कुणाच्या उत्तरपत्रिकेवर त्याचा परिणाम झाला नाही. प्रवेशाच्या जागांत फरक पडतो, हे मात्र खरं. कलम 30 मुळे अल्पसंख्याक संस्था आपल्या समाजासाठी काही जागा राखतात, तेव्हा माहितीपत्रक नीट वाचा.

आमच्या मंडळीतल्या लोकांची अपेक्षा उलटी असते: मुलगी तिथे जाऊन पेशंटना सुवार्ता सांगेल. त्यांना मी स्पष्ट सांगते, युनिफॉर्म घालून पलंगाशी उभ्या असलेल्या माणसाला पेशंट सहसा नाही म्हणू शकत नाही. म्हणून आमच्याकडे नियम होता, पेशंटने मागितलं तरच प्रार्थना, आणि धार्मिक बोलणं हवं असेल तर चॅपलनला, म्हणजे हॉस्पिटलच्या पाळकांना, बोलवायचं. मला तो नियम ख्रिस्ताच्या शिकवणीच्या जवळचा वाटतो.

एक गोष्ट फारसं कुणी विचारत नाही. कॅथलिक हॉस्पिटलांत गर्भपात आणि नसबंदीची ऑपरेशनं होत नाहीत. प्रोटेस्टंट संस्थांचं धोरण जागोजागी वेगळं. वर्गात कायदा आणि वैद्यक दोन्ही शिकवलं जातं, पण हाताखाली केस येणार नाही. स्त्रीरोग विभागात काम करायचं मनात असेल तर हे आधी विचारून घ्या.

पैशाचं म्हणाल तर फीच्या आकड्याइतकाच बॉण्ड, म्हणजे शिकल्यावर सेवा देण्याचा करार, पाहा. वेल्लोरला मंडळीच्या स्पॉन्सरशिपने एमबीबीएसला गेलेल्यांना नंतर दोन वर्षं गरजेच्या भागात सेवा द्यावी लागते. तुमच्या कोर्सला अशी अट आहे का, मोडली तर किती भरावे लागतील, हे लेखी घ्या. मला स्वतःला अशी सेवा ओझं वाटत नाही. नागपूर-जबलपूर रस्त्यावर लखनादौनचं ख्रिस्ती हॉस्पिटल आहे, यवतमाळ जिल्ह्यात उमरीचं आहे. अशा ठिकाणी एक तयार हात किती कामाचा असतो, ते तिथे गेल्यावर कळतं. पण घरावर कर्ज असेल आणि पहिल्या पगाराची वाट पाहणारं कुटुंब असेल, तर बॉण्ड नसलेला जवळचा कोर्स निवडण्यात काहीही चूक नाही.

अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांसाठी थोडक्यात. तिथे लोमा लिंडासारखी ख्रिस्ती विद्यापीठं हा कोर्स चालवतात, पण तो पदवीनंतरचा मास्टर्स असतो. लायसन्सची परीक्षा द्यायला तिथल्याच मान्यताप्राप्त कोर्समधून बाहेर पडावं लागतं. इथली बी.एस्सी. घेऊन तिथे थेट काम मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

फॉर्म भरण्याआधी एकदा जाऊन या. चेन्नईला तामिळनाडू एक्स्प्रेस किंवा जीटी, वेल्लोरला केरळ एक्स्प्रेसने काटपाडी, आणि इथलं कॉलेज असेल तर अर्धा दिवस पुरतो. प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये फार वेळ घालवू नका. शेवटच्या वर्षाची मुलं गाठा आणि विचारा: तुम्ही लिहिलेला केसपेपर रोज कोण वाचतं, चुका कोण दाखवतं? एखाद्या सरांचं, सिस्टरचं नाव पटकन आलं तर प्रवेश घ्या. मुलं एकमेकांकडे बघायला लागली तर पुढचं कॉलेज पाहा.