खडीच्या धुळीसाठी घेतलेला रबरी हाफ मास्क: दिवाळी ते पावसाळा वापरून

मी ट्रॅकमन, म्हणजे रेल्वेच्या रुळांची देखभाल करणारा, कसारा घाटाकडचा. आमच्या गँगमध्ये नाकाला रुमाल बांधायची पद्धत. रुमाल जाडी धूळ अडवतो. फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ त्यातून सरळ आत जाते. म्हणून बोनसच्या पैशांतून दोन बाजूंना गोल फिल्टर लागतात तो हाफ मास्क घेतला. फिल्टर पी-१००, म्हणजे बारीक कण ९९.९७ टक्के अडवणारा.

धुळीपुरता मास्क एक नंबर. खडी उपसून चाळायचं मशीन चालू असलं की उन्हाळ्यात शेजारचा माणूस दिसत नाही. पूर्वी त्या रात्री नाकातून काळं यायचं आणि सकाळी खाकरून घसा सोलून निघायचा. ते थांबलं. श्वास ओढायला जड लागला की फिल्टर बदलायचा, झटकून परत लावायचा नाही.

आमची खडी काळ्या दगडाची, ग्रॅनाइटच्या मानानं तिच्यात सिलिका कमी. म्हणून काही जण म्हणतात, आपल्याला कसला सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार)? पण घाटाचा चढ १:३७, चाक घसरू नये म्हणून इंजिन रुळावर वाळू सोडतं. चाकाखाली पीठ झालेली ती वाळू खडीतच उतरते आणि चाळताना उडते. वाळूत सिलिका असतंच, आणि सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही.

बोगद्यात मात्र या मास्कवर विसंबू नका. लाइन इलेक्ट्रिक असली तरी ब्लॉकमध्ये, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवतात तेव्हा, आमची मशीनं डिझेलवर चालतात, रूळ कापायचा कटर पेट्रोलवर. डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलंय. त्यातली काजळी मास्क अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइडला हा फिल्टर काही करत नाही, आणि त्याला वासही नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, की मास्क असो नसो, बाहेर मोकळ्यावर यायचं.

झेंडी-शिट्टीची ड्यूटी, म्हणजे गाडी येताना गँगला सावध करायचं काम, असली की मी मास्क लावत नाही. मास्क घालून शिट्टी वाजत नाही, ओरडलं तरी आवाज आतच घुमतो. गाडी कुणासाठी थांबत नाही.

दाढीचे खुंट वाढले की कडेनं हवा शिरते, त्यामुळे ब्लॉकच्या दिवशी दाढी करूनच निघतो. फिल्टर तळव्यांनी झाकून श्वास ओढायचा. मास्क तोंडाला चिकटून राहिला तर ठीक. मे महिन्यात हनुवटीपाशी घामाचं तळं होतं, त्याला इलाज नाही. तंबाखूवाल्यांची तर पंचाईतच, थुंकायला दर वेळी पट्टा सोडायचा. माझी तंबाखू त्यामुळे निम्म्यावर आली, हा फायदा बायकोला जास्त आवडला.

खरं तर फावडं घालण्याआधी खडीवर पाणी मारलं तर धूळ बरीच कमी उडते, मग मास्कवरही भार कमी येतो. आमच्याकडे टँकर मिळतो तेव्हाच हे होतं.

धुळीला पाचपैकी साडेचार, बोगद्याला दोन. घेताना साइज बघा. आमच्या मेटनं, म्हणजे गँगच्या मुकादमानं, लार्ज मागवला, तो नाकाशी गळतो आणि दुकानदार उघडलेला माल परत घेत नाही. पट्टा सुटा मिळतो का तेही आधीच विचारा. माझा शिवणीत उसवलाय, सध्या सुतळीवर चाललंय.