"शासनमान्य" बोर्ड बघून पैसे भरू नका, आम्हा बहीण-भावाचे ७३ हजार गेले आणि भावाची पोलीस भरती पण गेली

परवा शेजारच्या तालुक्याला गेले होते, तिथं एसटी स्टँडच्या बाहेर एका नव्या फ्लेक्सवर माझ्या सख्ख्या भावाचा फोटो दिसला. गोळा हनुवटीखाली धरून उभा आहे आणि खाली लिहिलंय "आमचा यशस्वी विद्यार्थी, क्रीडाशिक्षक". माझा भाऊ क्रीडाशिक्षक नाही. तो साखर कारखान्यात हंगामी कामावर आहे. आम्हाला फसवलेल्या संस्थेचं नाव बदललंय, फोन नंबर बदललाय, पण फोटो तोच आहे, २०२३ ला आमच्याच वर्गाच्या वेळी काढलेला. ॲडमिशन सुरू आहेत असं पण लिहिलंय म्हणून आज बसून सगळं लिहितेय, ज्यांची मुलं बारावी होऊन घरी बसलीत त्यांनी कृपया पूर्ण वाचा.

आमचं गाव पंढरपूर तालुक्यात. मी बीए झाले होते, पत्रकारिता करायची डोक्यात होती, भाऊ बारावी झालेला, शाळेपासून पळण्यात पुढं, पोलीस भरतीची तयारी चालू होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तालुक्याच्या गावी एका जिमच्या वरच्या मजल्यावर "कम्युनिटी कॉलेज" निघालं. दोनच कोर्स, पत्रकारिता डिप्लोमा आणि फिजिकल एज्युकेशन व फिटनेस डिप्लोमा, दोन्ही एक वर्षाचे. बोर्डावर शासनमान्य, युजीसी योजनेअंतर्गत, आयएसओ प्रमाणित, आणि नोकरीची हमी. आता बघा, युजीसीची म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची कम्युनिटी कॉलेजची योजना खरीच आहे, २०१३ च्या सुमारास आलेली, म्हणूनच माणूस फसतो. फक्त ती योजना आधीपासून मान्यता असलेल्या कॉलेजला किंवा विद्यापीठाला मिळते, जिमच्या वर भाड्यानं खोल्या घेऊन कुणालाही उघडता येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तिथले संचालक सर बोलायला इतके गोड की आप्पांना पाच मिनिटात "काका, तुमची दोन्ही लेकरं मार्गी लावतो" म्हणाले. माझ्या भावाला सांगितलं की हा डिप्लोमा झाला की शाळेत पीटीचा शिक्षक म्हणून लागशील आणि पोलीस भरतीला पण फायदा. मला सांगितलं की कोर्सबरोबर प्रेस कार्ड मिळेल. फी माझी २८ हजार, त्याची ४५ हजार. आप्पांचं उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं, त्यातनंच भरले. माझे रोख दिले त्याची पावती एका ट्रस्टच्या नावाची मिळाली, आणि त्याचे फोनपेवर टाकायला सांगितले ते एका बाईच्या नावावर गेले, नंतर कळलं त्या संचालकांच्या घरच्याच होत्या. ॲडमिशनच्या वेळी दोघांचे ओरिजिनल मार्कशीट आणि टीसी पण घेतले, "विद्यापीठाला पडताळणीला पाठवायचेत, पंधरा दिवसात परत". बोर्डावरचा तो शासनमान्य नोंदणी क्रमांक पण मी वहीत उतरवून घेतला होता, म्हणलं नंबर आहे म्हणजे काहीतरी असणारच.

वर्ग पहिले दोन महिने नीट झाले. मला शिकवायला एका साप्ताहिकाचे गृहस्थ यायचे, ते खरंच चांगलं शिकवायचे, बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकले, दिवाळीनंतर ते यायचे बंद झाले, त्यांचा पगारच दिला नव्हता म्हणे. भावाला शाळेच्या ग्राउंडवर नुसतं पळवायचे. गोळा अख्ख्या वर्गाला एक. परीक्षा झाली ती त्याच हॉलमध्ये, फळ्यावर उत्तरं लिहून दिली. तेव्हाच आम्ही थांबायला पाहिजे होतं, पण पैसे भरलेले असले की माणूस स्वतःच स्वतःला समजावतो की नवीन कॉलेज आहे, होईल सुरळीत.

मग आली भरती. राज्यात १७ हजारांवर जागा, भावानं फॉर्म भरला, जून २०२४ मध्ये मैदानी चाचणी सुरू झाली. मैदानीच्या वेळी मूळ कागदपत्रं तपासतात हे भरतीच्या पोरांना माहीतच असतं, म्हणून तो मेपासूनच मार्कशीट आणि टीसी मागत होता. आज या, सोमवारी या, सर बाहेरगावी गेलेत. तारखेच्या चार दिवस आधी सांगितलं की परीक्षा फी आणि सर्टिफिकेट फी मिळून १५ हजार बाकी आहेत, ते भरा आणि कागद घेऊन जा. आप्पांकडं तेव्हा १५ हजार नव्हते. झेरॉक्स घेऊन जा म्हणलं तर भाऊ म्हणाला, ताई नुसत्या झेरॉक्सवर आत घेत नाहीत. त्या दिवशी पहाटे साडेतीनला तो उठला, बूट घातले, आणि अंगणात बाजेवर बसून राहिला. १६०० मीटर त्याचं पाच मिनिटांच्या आसपास आलेलं होतं. आई त्याच्याशी बोलायला गेली तर म्हणाला, काय नाही, झोप तू. माझे २८ हजार गेले ते गेले, पण ती पहाट माझ्या डोक्यातून जात नाही.

तरीपण मला वाटत होतं की हे लोक लबाड असतील पण कोर्स खरा असेल. ते पुढच्या महिन्यात संपलं. आषाढी १७ जुलैला होती, मला वारीवर लिहायचं होतं, म्हणून पास मिळतो का बघायला मी सोलापूरला जिल्हा माहिती कार्यालयात गेले, गळ्यात ते प्रेस कार्ड. तिथल्या साहेबांनी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. वर अशोकस्तंभ छापलेला. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाळ, हे तुला कुणी दिलं?" मग खुर्ची देऊन समजावून सांगितलं की पत्रकाराला ओळखपत्र त्याचं वृत्तपत्र किंवा चॅनल देतं, सरकारची अधिस्वीकृती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं आणि ती पण काही वर्षं काम केल्यावर, कॉलेज असं कार्ड देऊच शकत नाही, आणि अशोकस्तंभ असा खासगी कार्डावर छापणं २००५ च्या कायद्यानं गुन्हा आहे. "हे घालून नाकाबंदीत सापडलीस तर तुलाच बसवून ठेवतील." मी कार्ड गळ्यातून काढून पर्समध्ये टाकलं आणि एसटीत बसेपर्यंत कुणाकडं वर मान करून बघितलं नाही.

घरी आल्यावर मग एकेक तपासायला लागले, आणि हेच सगळ्यांनी पैसे भरायच्या आधी करायचं आहे. वहीतला तो नोंदणी क्रमांक उद्यमचा निघाला. उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योगाची, फुकट होते, मोबाईलवर स्वतःच माहिती भरायची, पिठाच्या गिरणीला पण मिळते. तिचा आणि शिक्षणाचा काही संबंध नाही. ट्रस्ट धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असणं म्हणजे पण कोर्सला मान्यता नव्हे, आयएसओ तर नव्हेच. सर्टिफिकेटवर परराज्यातल्या एका विद्यापीठाचं नाव होतं, तर राज्याच्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असं केंद्र काढता येत नाही हा युजीसीचाच नियम आहे. युजीसीच्या साइटवर मान्यता असलेल्या विद्यापीठांची यादी आहे आणि बोगस विद्यापीठांची वेगळी यादी आहे, दोन्ही बघा. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर डीपीएड किंवा बीपीएड लागतं, दोन्ही दोन-दोन वर्षांचे, बीपीएड तर पदवीनंतर, आणि कॉलेजला एनसीटीईची म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता पाहिजे. एक वर्षाच्या फिटनेस डिप्लोम्यावर कुणी पीटी टीचर करतो म्हणत असेल तर तिथंच उठा. पत्रकारिता शिकायची तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे, सोलापूर विद्यापीठात विभाग आहे, पण तिथंसुद्धा मधल्या माणसाच्या हातात पैसे देऊ नका, फी विद्यापीठाच्या पोर्टलवर भरा आणि पावतीवर विद्यापीठाचं नाव बघा.

आणि ओरिजिनल कागद कुणालाही ठेवून देऊ नका. खऱ्या कॉलेजला पण ते ठेवून घ्यायचा अधिकार नाही, युजीसीनं २०१८ मध्ये तसं स्पष्ट केलंय, बघायचे आणि लगेच परत द्यायचे.

आमचे कागद वकिलाची नोटीस गेल्यावर आठ दिवसात आले, एक रुपया न देता. म्हणजे नोटीस मे महिन्यात पाठवली असती तर भाऊ मैदानावर असता. टीसी मधोमध घडी पडून फाटत आलेली. ठाण्यात आधी नुसता अर्ज घेतला, वकील बरोबर आल्यावर गुन्हा नोंदला. आमचं प्रकरण २०२३ चं म्हणून कलम ४२० लागलं, १ जुलै २०२४ पासून पुढं फसवलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं. ग्राहक आयोगात पण तक्रार केलीय, पाच लाखांच्या आतल्या रकमेला तिथं फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हेल्पलाइन १९१५ आहे. फोनपेचा पुरावा होता म्हणून भावाच्या ४५ हजारांचं प्रकरण भक्कम आहे, माझ्या रोख २८ हजारांचं तेवढं नाही.

आमच्या वर्गात साधारण चाळीस जण होते. तक्रार द्यायला आम्ही दोघं आणि आणखी तिघं, एवढेच आलो. बाकीच्यांच्या घरचे म्हणतात गेले ते गेले, बदनामी नको, मुलीचं लग्न ठरवायचंय. मी त्यांच्या घरी जाऊन आले, राग नाही माझा, पण पावती असेल तर ती फेकू नका, मेसेज डिलीट करू नका. त्या नव्या फ्लेक्सचा फोटो मी काढून आणलाय, तारखेसकट, उद्या तो घेऊन भाऊ आणि मी परत ठाण्यात चाललोय.