कार्बन डायऑक्साइड लेसरची खिडकी: हिरा की झिंक सेलेनाइड?

कार्बन डायऑक्साइड लेसरच्या झोताची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. साध्या काचेतून तो जातच नाही, म्हणून खिडकीला, म्हणजे झोत जिच्यातून जातो त्या पारदर्शक चकतीला, झिंक सेलेनाइड तरी लागतं, नाहीतर वायूतून थर चढवत वाढवलेल्या हिऱ्याची, म्हणजे सीव्हीडी हिऱ्याची चकती. दोन्हींचा अपवर्तनांक २.४ च्या आसपास. त्यामुळे परावर्तनरोधक लेप दोघांनाही हवाच. तो नसला तर प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे १७ टक्के प्रकाश परत फिरतो.

फसगत होते ती शोषणाच्या आकड्यावरून. दर सेंटिमीटरला झिंक सेलेनाइडचा शोषणांक, म्हणजे प्रकाशाचा मुरणारा वाटा, साधारण ०.०००५, हिऱ्याचा ०.०५. शंभरपट! एवढंच पाहिलं तर हिरा बादच होईल. पण १ किलोवॉट झोताचा हिशेब मांडून बघा. ५ मिलिमीटर जाड सेलेनाइडमध्ये पाव वॅट उष्णता मुरते, १ मिलिमीटर हिऱ्यात ५ वॅट. ही उष्णता पुढे जाते कुठे, हा खरा प्रश्न. हिऱ्याची उष्णतावाहकता २००० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या घरात, तांब्याच्या जवळपास पाचपट; सेलेनाइडची जेमतेम १८. हिऱ्यातली उष्णता थंड ठेवलेल्या कडेकडे झटकन निघून जाते, सेलेनाइडमधली मधोमध साचते. शिवाय तापमानागणिक सेलेनाइडचा अपवर्तनांक हिऱ्यापेक्षा पाच-सहापट जास्त बदलतो. मग खिडकीच भिंगासारखी वागू लागते आणि झोत जिथे एकवटायला हवा तिथून सरकतो.

म्हणून काहीशे वॅटच्या यंत्राला मी सेलेनाइडच सुचवेन. ते स्वस्त आहे आणि सहज मिळतं. फक्त ते मऊ असतं, हलक्या हातानं पुसावं लागतं. तुटलं तर तुकडे आणि भुकटी विषारी, हातमोजे घालूनच उचलावेत. झोत कित्येक किलोवॉटचा असेल आणि केंद्रबिंदू हलून चालणार नसेल, तर हिऱ्यावरचा खर्च योग्यच. मात्र कठीणपणाच्या भरवशावर तो घासू नका. हिऱ्याला काही होणार नाही, लेप खरवडेल.

तरंगलांबी ३ ते ५ मायक्रॉनची असेल तर जाड हिरा टाळाच. त्या पट्ट्यात हिऱ्यातली अणूंची जाळीच प्रकाश शोषते. तिथे नीलम बरा. दृश्य प्रकाशात अनेकस्फटिकी, म्हणजे बारीक स्फटिक जुळून बनलेला, हिरा प्रकाश विखुरतो, तेव्हा एकस्फटिकी, म्हणजे एकाच सलग स्फटिकाचा, मागा. १०.६ मायक्रॉनला अनेकस्फटिकी पुरतो. मागणी नोंदवताना शोषण लेपासकट किती, हे लिहून घ्या. सेलेनाइडच्या खिडकीत बहुतेक उष्णता लेपातच तयार होते.