जुनी वॅगन-आर : दुरुस्तीनंतर एक पावसाळा वापरून

२०११ ची पेट्रोल वॅगन-आर, के-सिरीजचं एक लिटरचं इंजिन. क्लच, पुढचं सस्पेन्शन आणि कूलिंगचं काम झाल्यावर अख्खा पावसाळा ती पुण्यात, कात्रज घाटात आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पळाली. खर्च वसूल झाला, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) आणि पत्रा शाबूत होता म्हणूनच. मेकॅनिककडून एस्टिमेट घेण्याआधी या दोन गोष्टी बघा.

कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम हवं. तिन्ही प्लग काढा, इंधन आणि इग्निशन तोडा, प्लगच्या भोकात एकेक करून कॉम्प्रेशन गेज लावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारा. सिलिंडरांच्या दाबातला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. रिंगांसाठी या वयाच्या गाडीचं इंजिन खोलू नये, हे माझं ठाम मत.

पत्र्यासाठी कार्पेट उचला आणि फ्लोअर, रनिंग बोर्ड (दाराखालचा पत्रा), शॉकअपचे टॉवर (शॉकअप वर जिथे बसतात तो पत्रा) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत घुसलं तर गाडी काढून टाका. कार्पेट नुसतं ओलं असेल तर घाबरू नका. बऱ्याचदा एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो.

क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदललं. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा क्रँकचं मागचं ऑइल सीलही घालून घ्या. ते गळलं की नवी प्लेट तेलकट होऊन घसरते आणि मजुरी पुन्हा भरावी लागते. क्लच आजही मऊ आहे. थर्मोस्टॅट, रेडिएटर कॅप आणि होज बदलून तयार कूलंट भरल्यापासून घाटातही तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलत नाही.

सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडने (अँटी-रोल बारला जोडणारे छोटे दांडे) मात्र निराशा केली. नाना पेठेतून आणलेले स्वस्तातले पावसाळ्यातच खडखडायला लागले, रबरी बूट फाटून आत चिखल गेला होता. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे) कंपनीचे घातले होते, ते अजून घट्ट आहेत. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट केलीच पाहिजे, नाहीतर टायर एका कडेने झिजतात.

दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांवरची दिल्लीतली बंदी पुण्यात लागू नाही. पंधरा वर्षांनी आरटीओत फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढते. अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. एअरबॅग मात्र कुठल्याच दुरुस्तीने मिळत नाहीत. घरच्यांना घेऊन एक्स्प्रेसवेवर नेहमी जाणं असेल आणि तुमच्या व्हेरियंटमध्ये त्या नसतील, तर इंजिन कितीही चांगलं असो, गाडी बदला.